सुनंदाताई एकही गोळी घेत नाहीत

डॉक्टरांनी स्टीलचा एक चिमटा टेबलावर आपटला आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात. आपटला की तो थरथरतो आणि ती थरथर आपल्याला हाडात जाणवावी लागते. थरथर थांबली की सांगा, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच म्हटलं, थांबली. त्यांनी तोच चिमटा उचलून माझ्या मनगटावर ठेवला. तो अजून थरथरत होता.

मग उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. मिटल्याबरोबर माझा तोल गेला. मिस्टरांनी धरलं नसतं तर मी डॉक्टरांच्या टेबलावरच आडवी झाले असते.

"हे शुगरमुळे नाही," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "तुमची शुगर माझ्यापेक्षा चांगली आहे. तुमच्या अंगातलं बी-ट्वेल्व्ह संपलंय. गोळ्या कधी बंद केल्या?"

बंद केल्या का, हे त्यांनी विचारलंच नाही. मिस्टर माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांनाही हे माहीत नव्हतं.

आजाराचं नाव पेरिफेरल न्यूरोपॅथी, म्हणजे हातापायांच्या टोकाकडच्या नसा अधू होणं. मी बाभुळगावला ब्लाउज शिवते. माझी मशीन मोटरवर चालते आणि मोटर पायाने चालते. पायाला पॅडल किती दाबलंय हेच कळेनासं झालं, तर माझं दुकान बंद. त्या खुर्चीत बसून मला वजन, पोट, ऑपरेशन काही आठवत नव्हतं. फक्त ते पॅडल दिसत होतं.

ऑपरेशन त्याच्या दोनेक वर्षं आधीचं. वजन शंभराच्या वर गेलं होतं, शुगर होती, बीपी होतं आणि गुडघे बसू देत नव्हते की उठू देत नव्हते. सकाळी मूठभर गोळ्या, रात्री मूठभर. शेवटी नागपूरला गॅस्ट्रिक बायपास झालं. यात जठराचा छोटासा कप्पा ठेवतात आणि तो आतड्याला पुढे नेऊन जोडतात. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं: गावाबाहेरून रस्ता काढला की गाड्या गावात थांबत नाहीत. तसं अन्न आता मधल्या गावात थांबणार नाही, म्हणून वजन उतरेल. पण बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम हा माल त्याच गावातून उचलला जायचा. तो आता बाहेरून द्यावा लागेल, जन्मभर. दरवर्षी रक्त तपासावं लागेल. हे सगळं मला नीट सांगितलं होतं आणि मी मानही डोलावली होती.

वजन उतरलं. शुगरची गोळी गेली, पाठोपाठ बीपीची. माझेच ब्लाउज मी इतक्यांदा आत घेतले की दोन्हीकडचे टक एकमेकांना भेटायला आले. माप द्यायला आलेल्या बायका स्वतःचं माप विसरून माझ्याकडे बघत बसायच्या. खोटं कशाला सांगू, मला फार आवडायचं ते.

राहिल्या त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. कॅल्शियमची खडूएवढी, लोहाची घेतली की पोट साफ होईना. आणि मनात एकच हट्ट होता, गोळ्या सुटाव्यात म्हणून तर पोट कापून घेतलं.

इथे सुनंदाताईंबद्दल सांगायला हवं. त्या वणीच्या, यजमान कोळसा खाणीत. हेच ऑपरेशन त्यांचं माझ्या दोन वर्षं आधी झालेलं. नागपूरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलो आणि ओळख झाली. ऑपरेशननंतरचं निम्मं शहाणपण मला त्यांनी दिलं. जेवताना पाणी पिऊ नको. आधी अंडं, दही, डाळ, मग जागा उरली तर भाकरी. घास तोंडातच पातळ होऊ दे. लग्नात पंगतीला बसू नको, लहान पोराची प्लेट घेऊन उभी राहा, म्हणजे कोणी आग्रह करत नाही. केस गळतील, घाबरू नको, परत येतात. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं निघालं. केससुद्धा आले.

म्हणून सहाएक महिन्यांनी मी त्यांनाच फोन लावला आणि विचारलं, ताई, तुमी अजून गोळ्या घेता का?

"एकबी नाई घेत वं," त्या म्हणाल्या. "काई होत नाई."

मला एवढंच ऐकायचं होतं. त्या संध्याकाळपासून गोळ्यांचा डबा बंद. आहारतज्ज्ञ मॅडमचा दवाखान्यातून फोन यायचा, गोळ्या चालू आहेत ना? मी हो म्हणायचे. आमच्या धंद्यात बायका माप देताना श्वास आत ओढून घेतात आणि नंतर ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. मी वर्षानुवर्षं त्यांना हसत आले. फोनवर मी दुसरं काय करत होते?

आणि खरंच काही झालं नाही. वर्ष गेलं, मी टुणटुणीत, म्हणून रक्त तपासायलाही गेले नाही. यातच सगळी फसगत आहे. बी-ट्वेल्व्हचा साठा आपल्या यकृतात असतो आणि तो हळूहळू संपतो. संपेपर्यंत माणसाला वाटतं, आपण डॉक्टरांपेक्षा शहाणे.

मग पायाला मुंग्या यायला लागल्या. मी वात म्हटलं, तेल चोळलं. शुगर परत आली की काय म्हणून गावातच तपासली, तर नॉर्मल. मग निर्धास्त झाले.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वंदना, वाचन, मग थोड्या गप्पा. ते आटपून बायका-बायका परत निघालो. रस्त्यात काळ्या मातीचा चिखल. मी बोलत बोलत पुढे चाललेली, तर मागून शेजारीण ओरडली, "प्रतिभाबाई, चप्पल कोनाले देऊन राह्यल्या?" मागे बघितलं तर माझी डावी चप्पल बरीच मागे चिखलात रुतलेली आणि मी एका पायात चप्पल घालून चालले होते. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर हसू गेलं. माणसाची चप्पल पायातून जाते आणि पायाला पत्ता नाही, हे काही बरं लक्षण नव्हे.

तरी मी गेले नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसले आणि फोड आला तोही दुसऱ्या दिवशी दिसला. तुमच्या पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर गरम पाण्यात पाय कधीच घालू नका, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

शेवटी मशीनने मला दवाखान्यात नेलं. एका नवरीच्या ब्लाउजची बाही लावत होते. मला वाटलं पॅडल हळूच दाबलंय. मशीन सुसाट सुटली आणि सुई काठ सोडून मधोमध जरीवरून धावत गेली. मी मोटरचा स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी नागपूर.

तिथे एनसीव्ही नावाची तपासणी झाली. पायाला बारीक करंट देऊन नसेतून निरोप किती वेगाने जातो ते बघतात. दुखत नाही फार, चटके बसतात. गंमत म्हणजे मी प्रत्येक चटक्याला खूश होत होते आणि जिथे बसला नाही तिथे घाबरत होते.

पाय परत येतील का, असं मी डॉक्टरांना विचारलं.

"बरेचसे येतील. सगळे येतील असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "ऑपरेशन आम्ही एकदा करतो. बाकीचं रोज तुम्हाला करायचं असतं."

रागावले असते तर परवडलं असतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. इथल्याच सरकारी दवाखान्यात सिस्टर द्यायच्या. बाटलीतलं औषध लालभडक. ते बघून मला सुनंदाताईंचा भयंकर संताप आला. त्याच तिरीमिरीत फोन लावला. ताई, तुमच्या भरवशावर गोळ्या सोडल्या आणि माझे पाय गेले, तुमचे कसे नाही गेले?



"गोळी नाई घेत वं मी," त्या म्हणाल्या. "दर महिन्याले सुई तेवढी घेतो. ताकदीची. ते लाल."

ती त्यांना डॉक्टरांनीच लिहून दिलेली होती, गोळ्या पोटाला मानवत नव्हत्या म्हणून. पण आमच्याकडे लाल सुईला कोणी औषध म्हणत नाही. शेतात निंदणाच्या, खुरपणीच्या दिवसांत अंग गळालं की लोक जाऊन टोचून येतात, ताकद येते म्हणून. औषध म्हणजे गोळी. मी गोळ्यांचं विचारलं, त्यांनी गोळ्यांचं सांगितलं. सुईचं मी विचारलं नाही आणि त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

आठवड्याभरात त्या वणीहून बस पकडून आल्या. माझ्या पायाशी बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. "माह्यामुळंच झालं हे तुह्यासंग," म्हणाल्या.

मला वाटलं होतं, समोर आल्या की चार शब्द ऐकवीन. पण त्यांना तसं बघितल्यावर जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "फोन तुमी नोता केला, ताई. मीच केलता."

माझ्या मोबाइलमध्ये दवाखान्याचा नंबर होता. तिथे विचारलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती, सुई मिळाली असती. मी तिथे लावला नाही, कारण उत्तर माहीत होतं आणि ते नको होतं.

तुमचं असं ऑपरेशन झालं असेल किंवा ठरलं असेल, तर आधी होऊन गेलेल्यांना जरूर विचारा. काय खायचं, कसं खायचं, लोक बोलतात ते कसं सोसायचं, हे आमच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. पण काय बंद करायचं हे मला विचारू नका. माझं शरीर तुमचं नाही, आणि माझ्याकडून काय सांगायचं राहिलं हे मलाही ठाऊक नसतं.

पाय हळूहळू येत गेले. येताना आग आग करत आले, तीच बरं होण्याची खूण निघाली. उजवा जवळजवळ पूर्ण आला. डाव्याची बोटं अजून झोपलेली आहेत आणि बहुतेक तशीच राहतील. मोटर हळू करून घेतली, दुकान चालू आहे. लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही परत घेते. ऑपरेशनचा पस्तावा मला नाही. गुडघे मोकळे झाले, शुगर गेली, हे विसरले तर मी कृतघ्न ठरेन.

आता सुनंदाताई आणि मी एकाच तारखेला सुई घेतो. त्या वणीत, मी इथे. घेतली की एकमेकींना फोन करायचा. मागच्या खेपेला त्यांचा फोन आला नाही, तर मीच लावला. घरी पाहुणे आले होते म्हणे, उद्या घेतो.

"आजच घ्या," मी म्हटलं. "मी फोन चालू ठेवतो, तुमी निघा."

त्या कुरकुरत निघाल्या. फोनमध्ये रस्ता ऐकू येत होता, ट्रक, कोणीतरी विचारलेलं कुठं चालल्या, मग दवाखान्यातल्या सिस्टरचा आवाज. दुकानात माप द्यायला आलेली बाई माझ्यासमोर ताटकळत उभी होती. तिला मी हातानेच थांब म्हटलं. पलीकडे सुनंदाताई हळूच "अय माय" म्हणाल्या, तेव्हा मी फोन ठेवला.