फौजदारबाईंचा संशय

आमच्या खो-खोच्या बाई शिट्टी वाजवण्याआधी ती हुंगून बघायच्या. आदल्या दिवशी कुणीतरी वापरली असणार, असा त्यांना दाट संशय. समोरच्या संघातल्या मुलींच्या वयावर संशय, पंचांच्या घड्याळावर संशय, फक्कीची रेषा तर पावलं टाकून मोजल्याशिवाय खरी नाही. मूळच्या दुधनीच्या, मराठीत बोलायला लागायच्या आणि कानडीत चिडायच्या. सोलापुरातल्या आमच्या शाळेत त्यांना फौजदारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे.

"पटत न्हाय गं मला," हे त्यांचं पालुपद. गुडघा दुखतो म्हटलं तरी पटत नसे, दुखत नाही म्हटलं तरी नसे.

माझ्याकडे लपवण्यासारखं खरंच होतं. बाराव्या वर्षापासून मला मधुमेह. रोज आई काचेची सिरिंज उकळून दंडात इन्सुलिन टोचायची. "कुणापाशी बोलू नकोस, उद्या स्थळं यायची हाईत," असा दमही द्यायची. स्थळांचं मला सोयरसुतक नव्हतं. संघातून काढतील, हीच धास्ती.

त्र्याहत्तर साली जिल्ह्याच्या सामन्याआधी मी अतिशहाणपणा केला. सुई घेऊन पळाले की हातपाय कापायचे, घाम फुटायचा. पळून साखर जळतेच, मग सुई कशाला? "माझी मीच टोचते," असं आईला सांगून दोन दिवस औषध मोरीत सोडलं. मैदानावर तहान भागेना, मळमळायला लागलं. बाईंनी माझ्या तोंडाशी नाक आणलं आणि डोळे वटारले.

"शिंदी पिलीस व्हय गं?"

मी शपथा घेतल्या. चोरी पकडायचीच म्हणून बाईंनी मला टांग्यात घालून थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी लघवी तपासली आणि माझं बिंग फुटलं. "इन्सुलिन नसलं की रक्तात भरपूर साखर असूनही स्नायूंना ती घेता येत नाही," ते म्हणाले. "मग शरीर चरबी जाळतं, त्याचा हा वास. वर ही पळाली, यकृतानं आणखी साखर ओतली. जिवावर बेतलं असतं. आता खेळ कायमचा बंद."

मी रडायला लागले. बाईंनी डॉक्टरांकडे पंचांकडे बघावं तसं बघितलं. "पटत न्हाय. सुई घेऊन, खाऊन पळाली असती, तर?"

डॉक्टरांनी मान डोलावली. "तर साखर नीट वापरली गेली असती. पण मधूनमधून खायला हवं, खेळ संपल्यावरही. नाहीतर साखर फार उतरते."

"मग बंद कशाला? मी हाय की बघायला!"

तीन दिवस मी सलाईनवर होते. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी बाई मला आडोशाला नेऊन दंडावरची टोचल्याची खूण बघत आणि भाकरी संपेपर्यंत समोर उभ्या राहत. मुलींनी विचारलं तर सांगत, "जंत झालेत हिला." मला लाज वाटायची, रागही यायचा. खरं कारण मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

मॅट्रिकच्या वर्षी त्या गावाकडच्या शाळेत निघाल्या. एसटी स्टँडवर खिडकीशी उभी राहून मी म्हणाले, "बाई, आज सामना आहे. सुई घेतलीय." आणि सवयीनं बाही वर केली.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "घेतली असशील."

गाडी गेली आणि मला हुंदका आवरेना. माझ्यावर असा संशय घेणारं आता सोलापुरात कुणी उरलं नव्हतं.