टेबलापलीकडचं उत्तर

शेजारच्या शोभाताईंनी बालगृहातली सहा वर्षांची मुलगी सांभाळायला घरी आणली. ती उशीखाली पोळ्या लपवायची. काय करावं ते विचारायला शोभाताई, ती आणि मी अशा आम्ही तिघी मूल सोपवणाऱ्या कार्यालयात गेलो. समुपदेशक हवा, म्हटल्यावर तिथल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "जमत नसेल तर परत आणून द्या."

माझं डोकं भणभणलं. परत द्यायला ती काय दुकानातली साडी आहे? सोपवताना दहा सह्या घेता, मग सांभाळणारीला आधाराचा एक शब्द जड होतो?

घरी मुलगी चपला न काढता दारातच उभी राहिली. "माझे कपडे पण परत द्यायचे का?" तिनं विचारलं. शोभाताईंनी तिला उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच टेबलासमोर बसलो, आणि समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत उठलो नाही.