मालकाशी थेट बोलावे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मधुकर साळवे यांचं नाव घेतो. माझ्या आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. सुरगाण्याकडच्या आमच्या आदिवासी पाड्यावरून मी नाशिकला कॉलेजात शिकायला आलो, तेव्हा प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारायचा. भोये म्हटलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. जेलरोडच्या आतल्या बाजूला एका रो-हाऊसच्या फाटकाशी उभ्या असलेल्या साळवे काकांनी मात्र एवढंच विचारलं, "जेवला का?" पदवी मिळेपर्यंत मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोहोचलं नव्हतं. भाड्याचा विषय काढला की काका म्हणायचे, "नोकरी लागली की बघू, भोयेसाहेब." दिंडोरीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली, तेव्हा म्हणाले, "आता साहेब लोकांकडून भाडं घेताना लाज वाटते बुवा."

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त होऊनही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसायचे. नोकरीतली एक सवय त्यांच्या अंगात मुरली होती. घरात काही बिघडलं की ते आल्यागेल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगत. नळ गळायला लागला तर दूधवाल्यालासुद्धा कळायचं. काकू चिडायच्या, "अहो, गावाला कशाला सांगता?" त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "लाल दिवा लागला की आधी ओरडायचं. दुरुस्ती मागाहून. दिवा झाकला की सगळा प्लांट जातो."

पुढे कमलकाकूंना विसर पडायला लागला. आधी गॅस चालू राहायचा. मग त्या भाजी आणायला गेल्या की रस्ता चुकायच्या. एकदा जिन्यावरून पडल्या. काका त्यांना एकटं सोडेनासे झाले. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाताताई नागपूरला शिक्षिका आहे. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. पण त्याच इमारतीत तळमजल्याचा एक फ्लॅट विकायला होता. तो घ्यायचा तर नाशिकचं घर विकल्याशिवाय मार्ग नव्हता. काकू त्या वेळी रोज फोनवर ताईशी बोलायच्या. बाकी नावं पुसट झाली होती, पण "सुजा, जेवलीस का गं?" हे पक्कं होतं.

"ती सुजाला ओळखतेय तोवर तिला सुजाजवळ न्यायचंय," काका मला म्हणाले. "बाकी मला काही नको."

एजंट न घेता घर विकायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. दलालीचे पैसे वाचले तर नागपूरच्या न्हाणीघरात धरायला दांडे बसतील, काकूंसाठी दिवसा एक बाई ठेवता येईल, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी स्वतः पत्र्यावर रंगानं बोर्ड लिहिला, वीज केंद्रातल्या धोक्याच्या पाट्यांसारख्या अक्षरात: घर विकणे आहे. मालकाशी थेट बोलावे. एजंट नको.

दुसऱ्या दिवसापासून फोन आले ते सगळे एजंटांचेच.

"काका, माझ्याकडं जबरदस्त पार्टी हाय."

"घर तुम्ही घेताय का?"

"नाही, पार्टी घेतीय."

"मग फोन पार्टीला द्या."

खरी गिऱ्हाइकं आली की काका हॉल, स्वयंपाकघर बाजूला ठेवून त्यांना थेट मागच्या खोलीत न्यायचे आणि भिंतीवर हात ठेवून सांगायचे, "इथं पावसाळ्यात ओल येते. बाथरूमचा पाइप जुना आहे. गच्चीवर कपडे वाळत घातले तर कधी कधी वीज केंद्राची राख बसते. आता बाकीचं घर बघा." मी म्हटलं, "काका, हे शेवटी सांगा की." तर म्हणाले, "शेवटी सांगितलं तर फसवल्यासारखं होतं रे."

एका रविवारी मी तिथं असताना एक जोडपं आलं. घर त्यांना मनापासून आवडलं होतं. बाईंनी तर ओट्याशेजारी फ्रीज कुठं ठेवायचा तेही ठरवलं. चहा झाला. गृहस्थांनी सहज विचारलं, "आपलं आडनाव?"

"साळवे."

"साळवे म्हणजे... कुठले?"

"एकलहऱ्याचे," काका म्हणाले.

बाईंची नजर समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या मोठ्या तसबिरीवर गेली. मग दोघांना एकदम आठवलं की वास्तू कोणाला तरी दाखवायची राहिली आहे. ती दोघं गेल्यावर काका कपबशा उचलताना म्हणाले, "ओल आहे म्हणालो तेव्हा बसून होते. आडनाव सांगितलं तर उठले." असं आणखीही काही वेळा झालं. दर वेळी कपबशा काकाच उचलायचे.

मग चौकातला गणेश नावाचा एजंट आपणहून आला. माणूस वाईट नव्हता. काकूंची चौकशी करून म्हणाला, "काका, घर चांगलंय, भाव रास्त आहे. पण तुम्ही फोन उचलला की जयभीम म्हणता, तिथंच निम्मी पार्टी गळते. दोन टक्के द्या, बोर्डावर माझा नंबर टाकतो. आणि घर दाखवायचं त्या दिवशी तेवढा हॉलमधला फोटो आत ठेवा. टोकन झालं की परत लावा. सगळेच करतात."

"दोन टक्के घर विकायचे का फोटो उतरवायचे?"

"त्यात सगळंच आलं, काका," गणेश खाली बघत म्हणाला.

काकांनी आत काकूंकडं पाहिलं. त्या एकाच रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या. काका म्हणाले, "रविवारी आणा."

त्या रविवारी सकाळी मी स्टूल धरलं आणि काकांनी तसबीर उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. थोड्या वेळानं काकू अंघोळ करून, रोजच्यासारखी मेणबत्ती घेऊन बाहेर आल्या. सगळं विसरलेल्या काकू सकाळची बुद्धवंदना मात्र चुकवत नव्हत्या. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग हळूच म्हणाल्या, "अहो, हे कुणाचं घर आहे? आपण इथं कशाला आलोय? चला ना घरी." आणि मेणबत्ती हातात तशीच धरून त्यांनी चपला घातल्या. फाटकाशी गणेश गिऱ्हाईक घेऊन आला, तेव्हा काकू पायरीवर बसून रडत होत्या आणि त्या अनोळखी माणसांनाच सांगत होत्या, "आम्हाला घरी सोडा हो."

काका बाहेर आले. "गणेशराव, आज नाही. उद्याही नाही. या मंडळींना चहा पाजा, पैसे मी देतो." मग मला म्हणाले, "स्टूल आण."

बोर्ड तसाच राहिला. थंडी गेली. द्राक्षांचा हंगाम संपत आला, तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमधला तरुण सुपरवायझर मोटारसायकलवरून जाताना बोर्ड बघून थांबला. ओल ऐकून घेतली, पाणी किती वेळ येतं ते विचारलं, काकूंना नमस्कार केला. सौदा ठरताना म्हणाला, "एजंट नाही ना काका? मग त्याचे जे वाचले त्यातले निम्मे माझे. एवढ्याला देऊन टाका." काका कित्येक महिन्यांनी मोकळे हसले. निम्मे सोडले. उरलेल्या निम्म्यांत दांडे तेवढे बसले.

पण त्या महिन्यांत काकू आणखी आत गेल्या होत्या. फोनवर नुसतं "हं, हं" म्हणायच्या. नागपूरला पोहोचल्यावर काकांचा फोन आला. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तेच बोलत होते. "सुजानं दार उघडलं. ही तिला हात जोडून म्हणाली, ताई, पाणी मिळेल का? सुजा आत जाऊन रडली रे." मग थांबून म्हणाले, "गणेशचं ऐकलं असतं तर दिवाळीलाच पोचलो असतो. मी चुकलो का, भोये?" या वेळी भोयेसाहेब म्हणाले नाहीत. मी काहीतरी बोललो, ते त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून त्याच आठवड्यात पत्र लिहिलं.

ती. काकांस, सा. न.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. पुष्कळ विचार केला तरी अजूनही देता येत नाही. गणेशचं ऐकलं असतं तर काकू ताईला ओळखत असताना पोहोचल्या असत्या, हे खरं आहे. त्या रविवारी पायरीवर त्या कशा बसल्या होत्या हे मीही पाहिलं, तेही खरं आहे. यातलं एक खोटं ठरवून मी तुमचं समाधान करणार नाही. तुम्ही मला तसं शिकवलेलं नाही. पण तुम्हाला त्या दोहोंतून एक निवडावं लागलं, ही चूक तुमची नाही, हे मात्र मला ठामपणे वाटतं.

कॉलेजला सुट्टी लागली की मी येतो. काकू मला ओळखणार नाहीत, याची मनाची तयारी केली आहे. कोण रे तू, असं त्यांनी विचारलं तर नाव सांगेन, गाव सांगेन, तुमच्या वरच्या खोलीत राहायचो हे सांगेन. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. सुजाताताईलाही हेच कळवा. म्हणावं, आईनं पाणी मागितलं की द्यायचं, आणि पेला हातात देताना प्रत्येक वेळी सांगायचं, मी सुजा.

तुमचा,
काशिनाथ भोये