उसने देव

पटवाऱ्यानं चपला काढल्या नाहीत. तसाच आत आला, थेट चुलीपर्यंत. हातातल्या छडीनं पिठाच्या डब्याचं झाकण उचललं. मग ज्वारीच्या मडक्यावरचं. मग मायच्या लुगड्यांचं गाठोडं छडीनंच उलटं केलं. हात कशालाच लावला नाही. दारात पाटील उभे होते आणि पाटलांच्या मागे गावातली दहा-बारा रिकामी माणसं.

"देव कुठी हायेत तुमचे?" पटवाऱ्यानं विचारलं.

"नाहीत," माझा बाप म्हणाला.

"नाहीत म्हंजे? इकले का?"

"नदीत सोडले. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच हप्त्यात."

दारातली माणसं हसली. पटवाऱ्यानं छडी मायच्या कपाळाकडे नेली. "अन् हे कुंकू? हे नाही वाटते सोडलं?" माय भिंतीकडे तोंड करून खाली बसली.

मग तो माझ्याकडे वळला. मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "देव नाही तं महार नाही. महार नाही तं सवलत नाही. समजलं का, मॅट्रिकबाई?"

पुन्हा हसू. त्यानं मांडीवर वही ठेवून कागदावर लिहिलं, मला दिसेल असं लिहिलं. घरात देव आढळले नाहीत.

चौकशी संपली.

मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या पुऱ्यात, म्हणजे गाव ज्याला महारवाडा म्हणायचं तिथे, मॅट्रिक झालेल्या मुली दोनच, मी आणि शेवंता. शेवंता माझी चुलत बहीण, मोठ्या बाबाची मुलगी. आमच्या दोघींच्या घरात एक कुडाची भिंत. तिच्याकडे फोडणी दिली की ठसका मला लागायचा. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तेव्हा मी ते दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगायचे.

अमरावतीला मागासवर्गीय मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. तिथे जागा मिळाली तर कॉलेज. नाही मिळाली तर कापूस वेचायला जायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. मधला रस्ता नव्हता. जागेसाठी जातीचा दाखला लागायचा आणि दाखल्यासाठी पटवाऱ्याची चौकशी. सवलत होती ती हिंदूंमधल्या अस्पृश्यांना. बौद्ध झालात म्हणजे तुम्ही अस्पृश्य राहिला नाहीत, असं सरकारी कागद म्हणत होता. गावच्या विहिरीला तो कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. विहिरीवर गेलो की आम्ही महार, आणि अर्ज भरला की बौद्ध.

आमच्या घरून पटवारी निघाला तो शेजारी शेवंताकडे गेला. मी कुडाच्या फटीला डोळा लावला.

तिथे देव होते.

पाटावर लाल फडकं. त्यावर पितळेचे चार टाक, हळदकुंकू वाहिलेले, पुढे निरांजन. मोठमाय, म्हणजे शेवंताची आई, डोक्यावर पदर घेऊन हात जोडून बसलेली. शेवंताच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पटवाऱ्यानं वाकून पाहिलं आणि मान डोलावली. वहीत लिहिलं. जाताना मोठमायनं त्याच्या पिशवीत कोंबडी घातली.

ते देव त्यांचे नव्हते. त्यांचेही देव आमच्याच देवांसोबत नदीत गेले होते. मी तेव्हा काठावर उभी होते. हे देव होते भागाबाई म्हातारीचे. सगळा पुरा देव सोडून आला तेव्हा तिला देवीच्या कोपाची भीती वाटली आणि तिनं आपले टाक कणगीत ज्वारीखाली पुरून ठेवले. तीन वर्षं कुणाला पत्ता नाही. पण दाखल्याच्या चौकशा सुरू झाल्या आणि म्हातारीच्या कणगीला भाव आला. ज्याच्या घरी पटवारी येणार त्याच्या घरी आदल्या दिवशी देव जायचे. त्या महिन्यात ते तीन घरी फिरले. खंडोबाच्या टाकाचा एक कोपरा दुमडलेला होता. पटवाऱ्यानं तो दुमडलेला खंडोबा तीन घरांत पाहिला, तीन वेळा मान डोलावली आणि तीन कोंबड्या नेल्या. त्याला सगळं ठाऊक होतं. आम्ही खोटं बोलतो की खरं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आम्ही वाकतो की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एकच कळत होतं. तिच्याकडे देव आले, माझ्याकडे का नाही?

बाप कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचलायचा. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन घरी यायचा. मी त्याला म्हटलं, "बाबा, एक दिवस ठिवा न देव. एकच दिवस. मी पाटलाइच्या पाया पडतो, पटवाऱ्याले परत बलावतो."

त्यानं केसांतला कापूस झटकला. मग म्हणाला, "तुले आनाचे असन तं आन. मी नाही म्हनत नाही. पन ते ज्या दिवशी या घरात येतीन, त्या दिवशी मी या घरात रायनार नाही."

मी आणले नाहीत. पण त्याचा अभिमान वगैरे मला वाटला नाही. मला त्याचा राग आला. धर्म त्यानं घेतला आणि भरपाई मी करायची, असं वाटलं. त्या पावसाळ्यात मी त्याला भाकरी वाढायचे, पण बोलायचे नाही.

शेवंता अमरावतीला गेली. लोखंडी पेटी मोठ्या बाबाच्या डोक्यावर आणि ही मागून नव्या चपलांत. अख्खा पुरा एसटीपर्यंत गेला. मी गेले नाही. मी कपाशीच्या निंदणाला गेले. तणाबरोबर पऱ्हाटीची रोपंही उपटली म्हणून मालकिणीच्या शिव्या खाल्ल्या.

दिवाळीत ती आली. तेव्हाची माझी अवस्था कशी सांगू? तिच्या अंगाला साबणाचा वास होता. वेणी दोन फितींची. बोलता बोलता ती सहज म्हणायची, आमच्या मेसमध्ये, आमच्या लायब्ररीत, आमच्या बाई. आमच्या! तिच्या खोलीत विजेचा दिवा होता. बटण दाबलं की लागतो, हे तिनं मला बोट हवेत दाबून दाखवलं. माझ्या बोटांना बोंडांच्या काट्यांनी चिरा पडल्या होत्या. मी हात पदरात घेतले.

तिनं माझ्यासाठी तिची जुनी पुस्तकं आणली होती. कव्हर घालून, नाव खोडून. "तू वाच न. तुयं डोकं तं मायापेक्षा चांगलं हाय," ती म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली. ती मनानं चांगलीच होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

जाण्याच्या दिवशी ती हळूच म्हणाली, "तिथं रोज संध्याकाळी आरती असते. वसतिगृहाच्या बाई पायतात, कोन टाळ्या वाजवते अन् कोन नाही." मी म्हटलं, "मंग वाजव टाळ्या. तुले जागा भेटली न?" ती पेटीला कुलूप लावू लागली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. तिच्या तोंडावरचा उजेड गेलेला पाहून मी त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा अर्ज केला. बापानं जिनिंगला खाडा केला आणि आम्ही बडनेऱ्यापर्यंत चालत, पुढे एसटीनं अमरावतीला आलो. ऑफिसच्या व्हरांड्यात बाप बाहेर थांबला. आत बाबूच्या टेबलापाशी मी एकटी गेले.

हा बाबू पटवाऱ्यासारखा नव्हता. मऊ बोलायचा. त्यानं माझे मार्क पाहिले. "अरे वा. एवढे मार्क अन् मागच्या वर्षी जागा नाही? का बरं?" मी सांगितलं. त्यानं फाईल काढली, चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याच गावची मुलगी आहे आमच्याकडे. तुझ्याच आडनावाची. कोण लागते?"

"चुलत बहीण."

"ती हिंदू अन् तू बौद्ध? एका घरात?" तो हसला. "हे बघ बाई, जागा भरलेल्या आहेत. एखादी रिकामी झाली तरच काही होईल. तू असं लिहून दे की ते घर बौद्ध आहे, देव खोटे दाखवले. तिची जागा जाईल. आणि तुझ्या अर्जात धर्माच्या ठिकाणी हिंदू कर. दाखल्याचं मी पाहतो."

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला. हातात दिला, खाली टाकला नाही. सरकारी माणसानं माझ्या हातात काही देण्याची ती पहिलीच वेळ. मला केवढा मान वाटला त्याचा.

मी लिहिलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते. मी दोन ओळी लिहिल्या. शेवंताचं नाव लिहिलं, तिच्या बापाचं नाव लिहिलं, सदर कुटुंब बौद्ध असून, एवढं लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तिची खोली होती, तिचा पलंग होता, आणि त्या पलंगावर मी बसले होते.

बाबूनं शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. मी टेबलाला खेटून उभी होते, तरी त्यानं आवाज कमी केला नाही. माझ्यापाशी तो शुद्ध बोलायचा, त्याच्यापाशी गावचं. मला ऐकू येतं याची त्याला फिकीरच नव्हती. म्हणाला, "पाह्यलं का? याइच्यातलेच याइले काढतात. आपल्याले काहीच कराव लागत नाही."

शेजारचा हसला. चहा सांगितला दोन कप.

मी लिहायची थांबले. टाक तसाच हातात. मला आधी वाटलं, शेवंताची दया आली. नव्हती आली. अजूनही मला तो पलंग हवा होता. पण मी त्या बाबूकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या मुलीला कॉलेजात जायला घरातले देव कुणाला दाखवावे लागले नसतील. तिच्या आईच्या कपाळाकडे कुणी छडी नेली नसेल. तिच्या पिठाच्या डब्यात कुणी पाहिलं नसेल. हेवा करायचा तर या माणसाचा करायला हवा होता. वर्षभर मी जळत होते ती कुडापलीकडच्या पोरीवर, जिला एका पलंगासाठी रोज संध्याकाळी टाळ्या वाजवाव्या लागत होत्या. आम्हा दोघींत एक पलंग टाकून हे लोक चहा पीत बसले होते.

मी कागदाची घडी घातली आणि झंपरात कोंबली.

"अगं, सही राहिली," बाबू म्हणाला.

"दुसरा फॉर्म द्या."

"कशाला?"

"द्या."

त्यानं दिला. मी उभ्यानं भरला. नाव, गाव, मार्क. धर्म, बौद्ध. जात विचारली होती तिथे लिहिलं, पूर्वी महार, गाव अजून तेच म्हणतं. फॉर्म त्याच्या पुढे ठेवला.

बाबूचा मऊपणा उतरला. "हा चालत नाही. सांगितलं ना तुला."

"मंग लिहून द्या, चालत नाही म्हून."

"काय?"

"मायी हुशारी कमी म्हून जागा नाही, का मी बौद्ध म्हून नाही, ते लिहून द्या. खाली सही करा. शिक्का मारा."

"असं लिहून देत नसतात."

"माया घरात देव नाही हे लिवता येते. हे कावून नाही लिवता येत?"

माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. बाप सगळ्यांत मागे होता, टोपी हातात धरून. बाबू म्हणाला, "शिपायाला बोलावू का?" मी म्हटलं, "बलावा." आणि तिथेच, टेबलासमोर, फरशीवर बसले.

शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. माझी एक बांगडी फुटली. फॉर्म बाबूनं ठेवला की फाडला, मला ठाऊक नाही. जागा त्याही वर्षी मिळाली नाही.

झंपरातला कागद मी घरी चुलीत घातला. शेवंताला सांगितलं नाही. ती शिकली, पुढे अकोल्याला मास्तरीण झाली. तिचा पगार, तिची साडी, तिचं स्वच्छ घर पाहिलं की अजून माझ्या पोटात दुखतं. मी थोर झाले नाही. मला अजून ते सगळं पाहिजे.

त्या दिवशी एसटीत बापानं विचारलं, "आता काय करतं?"

वर्षभरानं मी त्याच्याशी धड बोलले. म्हटलं, "उद्या परत येईन. जागा मागीन. बौद्ध म्हूनच मागीन. देत नसतीन तं नाही म्हून सहीनिशी लिहून घेईन. ते बी देत नसतीन तं परवा येईन."

"रोज बाहेर काढतीन तुले."

"काढू दे," मी म्हटलं. "रोज काढाव लागन त्याइले."