सांगून जाणाऱ्या बाई

आमच्या नर्सबाई बेशुद्ध माणसाशीही बोलत असत. कूस बदलण्यापूर्वी, कपाळावरचे फडके उचलण्यापूर्वी त्या आधी सांगत, "आता पाठ पुसते हं," आणि मगच पुसत. मी त्याच इस्पितळातला कंपाउंडर. वय पंचविशीच्या आत, आणि आपल्याला सर्व कळते असा समज. जो ऐकतच नाही त्याला काय सांगायचे, असे मी त्यांना एकदा विचारले. "तो ऐकत नाही, हे तुम्हांला कोणी सांगितलं?" एवढे म्हणून त्यांनी ओल्या फडक्याची घडी पालटली.

इस्पितळ कसले, ठाण्याच्या खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूस, गाठीच्या तापासाठी, म्हणजे प्लेगसाठी, घाईने उभारलेल्या झावळ्यांच्या झोपड्या त्या. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती, आणि ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही.

परवा ठाण्यात एका सभेत एका तरुण वक्त्याने या बाईंना करुणेची मूर्ती म्हटले. रोग्यांच्या उशाशी बसून त्या अश्रू ढाळीत, असे सांगून त्याने टाळ्याही मिळवल्या. हा गृहस्थ तेव्हा जन्मलाही नव्हता. मी बाईंबरोबर चार महिने काम केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मला एकदाही दिसले नाही. 'सेवा' हा शब्ददेखील त्यांना खपत नसे. त्या म्हणत, "पुण्य म्हणून केलं, की माणूस दमल्यावर थांबतो. काम म्हणून केलं, की वेळ झाली की उठतो." बालपणी विधवा झालेल्या आणि मुंबईस राहून हे काम शिकलेल्या त्या बाईंना लोकांची दया कशी असते, याचा अनुभव पुष्कळ असावा. दया पोटात ठेवावी आणि पाणी हातात, हा त्यांचा नियम होता.

दुसरा नियम असा की, खाटेपासून दूर जाताना परत केव्हा येणार ते सांगायचे आणि त्या वेळी यायचे. घड्याळ एकट्या डॉक्टरसाहेबांपाशी. म्हणून बाई सांगत, "ऊन या मेढीला लागलं की येते," किंवा "भरतीचं पाणी वाजायला लागलं की येते." रोगी झोपडीच्या खांबाकडे सरकणाऱ्या त्या उन्हाकडे पाहत पडून राहत. ग्लानीतला माणूसही त्या उन्हाची वाट पाहू लागला, की निम्मे औषध पोटात गेले असे बाई मानीत. मी याला थट्टेने बाईंचे पंचांग म्हणत असे.

आता दुसऱ्या गृहस्थांकडे वळतो. एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याने आपल्या आठवणी छापल्या आहेत. ही नर्स एके दिवशी कोणासही न सांगता रोगी टाकून निघून गेली व म्हणून तिला काढावे लागले, असे त्यांत लिहिले आहे. काढले, एवढे खरे. बाकीचे मी सांगतो, कारण ते सांगू शकणारा आता मीच उरलो आहे.

कोलशेतचा एक म्हातारा मिठागरी आमच्याकडे होता. त्याला सारे तात्या म्हणत. बायको आधीच गेलेली, मुलगा एकटा गावी. तात्याची नजर सतत दाराकडे. मला त्याची कीव आली आणि मी सांगून टाकले, "तुझा मुलगा आज येतो आहे. निरोप आलाय." निरोप वगैरे काही आला नव्हता. तात्या उशीवरून मान उचलून बसला, तो आडवाच होईना; ना पाणी घेई, ना औषध.

बाईंनी मला बाहेर बोलावले. "निरोप कोणी आणला?" मी हातातली बाटली पुसू लागलो. "कंपाउंडर, तुम्ही दया केलीत आणि निघून आलात. तो मात्र दाराकडे बघत मरेल." दुपारची होडी कोलशेतकडे जात होती. दिवे लागायच्या आत येते, असे बाईंनी नऊच्या नऊ खाटांपाशी सांगितले. मग मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब आले तर मी कुठे गेले आणि का, ते सांगा."

साहेब आले, अवचितच. बाई कोठे आहेत, त्यांनी विचारले. कोठे ते सांगितले की का ते सांगावे लागणार, आणि माझे खोटे उघडे पडणार. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, साहेब."

ओहोटीने परतीची होडी अडली. उरलेली वाट बाई चिखल तुडवीत आल्या. दिवे अजून लागायचे होते. कमरेपर्यंत चिखल, आणि बरोबर कोणी नाही. हातपाय धुऊन त्या सरळ तात्यापाशी गेल्या. "तात्या, निरोप खोटा होता. पोर येत नाही, इथं यायला भितो. पण मी त्याला डोळ्यांनी पाहून आले. ताप नाही, गाठ नाही. भाकरी खात होता."

"बरा हाय ना?" तात्या म्हणाला. "मंग नको येऊंदे त्याला हितं, बाय." आणि त्याने मान उशीवर टाकली, पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. दाराकडे पाठ होती.

त्याच सकाळी बाईंना काढल्याचा हुकूम आला होता. त्या साहेबांना खरे काय ते सांगतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. त्यांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगितले, "उद्यापासून मी येणार नाही. दुसऱ्या बाई येतील." येते म्हणाल्या नाहीत. शेवटी माझ्यापाशी आल्या. "ऊन मेढीला लागलं की पाणी, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तेवढं चुकवू नका."

मी ते चुकवले नाही. पुढे चाळीस वर्षे कल्याणास दवाखाना चालवला. त्यात रोग्याला खोटा निरोप दिला नाही, आणि केव्हा येतो ते सांगितल्यावाचून त्याच्या उशापासून उठलो नाही. पण ही त्या चुकीची भरपाई नव्हे. अधिकारी महाशयांनी आपल्या पुस्तकात एवढी दुरुस्ती करावी. बाई कोणास न सांगता गेल्या नव्हत्या. मला सांगून गेल्या होत्या.