वर्तणुकीचा दाखला

नलू,

गाव सोडलं त्या सकाळी तू चार वर्षांची होतीस आणि माझ्या कडेवर बसून भाकरी मागत होतीस. भाकरी नव्हती. पीठ जळलं होतं. परात तेवढी वाचली होती, ती काळी ठिक्कर पडलेली परात आईने पदराने पुसत पुसत बरोबर घेतली होती. वेशीजवळ मालट्रक उभा होता. निरोप द्यायला कोणी आलं नाही. दारं लावलेली होती, पण फटींतून माणसं बघत होती. अण्णा ट्रकच्या फळीला पाठ टेकून बसले आणि गाव दिसेनासं होईपर्यंत शाळेच्या कौलांकडे बघत राहिले. सतरा वर्षं त्या शाळेत ते एकटेच मास्तर होते.

तुझं पत्र आलं. तुझी मुलगी विचारते, आपलं घर जाळणाऱ्या माणसाला आजोबांनीच चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, हे खरं का. खरं आहे. अण्णा गेले, आई गेली, सांगायला मीच उरले आहे. मलाही आता जुनं उकरायचा कंटाळा येतो, म्हणून एकदाच सगळं लिहिते. मुलीला वाचून दाखव.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या त्या थोर म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या. घालणारा आपल्या जातीचा निघाला. सातारच्या बाजूला गावोगाव आपल्या जातीची घरं पेटली. अण्णा खादी घालणारे. बातमी ऐकून ते दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी गाव आपल्या दारात आलं. आरडाओरडा करणाऱ्यांत निम्मे अण्णांच्या हाताखाली शिकलेले होते. दर शनिवारी अण्णा फळ्यावर नीतीचा एक पाठ लिहीत. खरे बोलावे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. ती अक्षरं गिरवलेले हात मी त्या दिवशी पाहिले.

त्यांत सखाराम होता. चौथीपर्यंत शिकलेला, हुशार, पंचविशीचा. सकाळ-संध्याकाळ आपल्याकडे म्हशींचं बघायचा. तो अगदी पुढे नव्हता, मागेही नव्हता. आधी तो दारात आला आणि आईला म्हणाला, "वैनी, पोरींना घेऊन भाईर या. आधी भाईर या." मग गोठ्यात जाऊन त्याने दोन्ही म्हशी सोडल्या, रेडकाला उचलून ओढ्यापलीकडे नेऊन बांधलं. परत आला. आणि गोठ्याच्या आढ्याला त्याने स्वतःच्या हाताने काडी लावली. तिथून आग घरावर आली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आईनेही पाहिलं.

अंबरनाथला अण्णांचे एक आतेभाऊ होते. त्यांच्या ओळखीने एका कारखान्यात टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीवर, कारकुनाची जागा मिळाली. पुन्हा शाळेत शिकवाल का, असं कोणी विचारलं की अण्णा म्हणत, "माझं शिकवून झालं." स्टेशनच्या पश्चिमेला चाळीत एक खोली घेतली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की पाण्याला उभं राहायचं. नळ सगळ्यांना एकच. गावी आपल्या आडावर दुसऱ्या कोणाची घागर टेकत नसे. इथे आईच्या पुढे कारखान्यातल्या मद्रासी फोरमनची बायको आणि मागे हरीबाई.

हरीबाई सिंधमधल्या शिकारपूरची, फाळणीत इकडे आलेली विधवा बाई. मुलगा कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, बराकीत राहून कापडाच्या फेऱ्या करायचा. सुनेशी पटत नव्हतं म्हणून ही इकडे खोली घेऊन पापड लाटायची. आपण सामान उतरवत होतो तेव्हाच ती ताटलीत भाजलेला पापड आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तुम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. तिच्याकडे तशी रीत होती, दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव. आईने पाणी घेतलं नाही. "उपास आहे," म्हणाली. उपास नव्हता. हरीबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. पुढे आई हिवतापाने पडली आणि बारा दिवस हरीबाईच्या हातची पेज प्यायली. बरी झाल्यावर आईने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण उपासही पुन्हा सांगितला नाही.

मी मॅट्रिक झाले आणि कॅम्पातल्या शाळेत मुलींना मराठी शिकवायला लागले. पहिल्याच वर्षी मी अण्णांची नक्कल केली. फळ्यावर लिहिलं, खरे बोलावे. एक मुलगी उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची असेल. म्हणाली, "टीचर, स्टेशनवर लोकांनी विचारलं तेव्हा माझे बाबा बोलले, आम्ही मुसलमान आहोत. म्हणून आम्हाला सोडलं. ते पाप झालं क्या?" मी म्हटलं, नाही. ती खाली बसली. मला मात्र तो पाठ पुढे शिकवता येईना. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्या शाळेत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही गं."

चोपन्नच्या सुमाराला, एका रविवारी दुपारी, सखाराम चाळीच्या अंगणात येऊन उभा राहिला.

वाळला होता. हातात कागदाची घडी. पायरीच्या खालीच थांबला, गावी जिथे थांबायचा तेवढ्याच अंतरावर. आईने त्याला ओळखलं आणि ती आत गेली. अण्णा बाहेर आले.

"गुर्जी, वळखलं का?"

"ओळखलं."

कोण कुठला हे हरीबाईला काय माहीत. ती नेहमीसारखी पापड आणि पेला घेऊन आली. "बैठो, अदा. धूप में आए हो." अदा म्हणजे तिच्या भाषेत भाऊ. सखारामने पेला घेतला, मान वर केली आणि ओठ न लावता वरून पाणी घशात ओतलं. शर्टावर सांडलं. हरीबाई हसली, "अरे, मुँह लगाके पियो ना." तो ओशाळला. आपल्या घरी त्याला पाणी नेहमी वरूनच वाढलं जायचं, ओंजळीत. त्याची कपबशी गोठ्यातल्या कोनाड्यात असायची आणि ती तोच विसळायचा. आईच्या मनात दुष्टावा नव्हता. तिच्या सासूने तसंच केलं होतं, शेजारीपाजारी तसंच करत होते, म्हणून ते बरोबर होतं. मी आत पाहिलं. आई दाराआडून त्याच्या भिजलेल्या शर्टाकडे बघत होती.

सखारामला अण्णांच्याच कारखान्यात हमालीचं काम मिळत होतं. पण ओळखीच्या माणसाने वर्तणुकीचा दाखला द्यायला हवा होता. फॉर्म इंग्रजीत होता.

"पाटलांकडून का नाही घेतलास?" अण्णांनी विचारलं.

"पाटील देईना. चौकशीला पोलीस आले, तवा समद्या गावानं माझंच नाव घेतलं. येकट्याचं. समदं गाव आलं व्हतं, गुर्जी, तुमी बघितलंय. पर आता म्हनत्यात, सख्यानं पेटवलं. मला कोन कामाला बोलवंना."

"तू पेटवलंसच की."

"व्हय." तो खाली बघत राहिला. "म्या न्हाई म्हनत न्हाई."

"का आलास त्या दिवशी?"

"गाव निघालं. मागं ऱ्हायलो असतो तर दुसऱ्या दिवशी गावात तोंड दावायची सोय न्हवती. तवा ते वंगाळ वाटलंच न्हाई, गुर्जी. लग्नाच्या वरातीत निघावं तसं निघालो."

"म्हशी का सोडल्यास?"

"मुकं जनावर. त्येनं काय केलं व्हतं?"

"आणि आम्ही?" अण्णांचा आवाज चढला नाही. "आम्ही काय केलं होतं, सखाराम?"

सखाराम वाकला. कागद पायरीवर ठेवून निघून गेला.

आई बाहेर आली. "सही करायची नाही," म्हणाली. "उपाशी मरू दे. माझ्या देवांसकट घर जाळलं त्याने." अण्णा म्हणाले, "इथे विचारलंय, या माणसाची वर्तणूक चांगली आहे का. खरं काय लिहू?" आई म्हणाली, "खरं तुम्हाला माहीत आहे." अण्णा म्हणाले, "मला वाटायचं, माहीत आहे."

आठवडाभर तो फॉर्म घरातच पडून होता. मी हरीबाईला सगळं सांगितलं. ती लाटणं न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "हमारे बाजूवाले ने हमको टांगे में बिठाया, रास्ते के लिए रोटी बांधी, रोया. दूसरे दिन हमारे ही घर में रहने आया. एकच माणूस, बेटी. मी आधे को दुआ देते, आधे को गाली. सात साल झाले. अब थक गई हूँ." तिला सल्ला द्यायचा नव्हता. तिने पापड उन्हात टाकले आणि पाठीला हात लावून उभी राहिली.

अण्णांनी आधी एक पळवाट काढली. फॉर्मच्या मागे त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, मी या माणसाला लहानपणापासून ओळखतो, कामाला चोख आहे, जनावरांशी मायेने वागतो. ऑफिसातल्या साहेबाने तो परत केला. म्हणाला, "जोशी, निबंध नको. यस ऑर नो." अण्णांनी तिथेच, उभ्या उभ्या, "यस" लिहिलं आणि सही केली.

घरी येऊन त्यांनी टोपी काढली आणि आईला सांगितलं. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं की काय, ते मला सांगता येत नाही. पण 'नो' लिहायला हात उचलला आणि वाटलं, हा एक शब्द मग त्या सगळ्या गावाला लिहायला हवा. मग मलाही. मी सतरा वर्षं त्या फळ्यावर लिहीत होतो आणि त्याची कपबशी माझ्या गोठ्यात होती. मला त्यात काही दिसलंच नाही."

"कपबशी आणि घर सारखंच का?" आईने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "मुळीच नाही."

नलू, पुढची कितीतरी वर्षं मला वाटायचं की अण्णांनी यापुढे काहीतरी बोलायला हवं होतं. आता माझंही वय झालं, पण त्यापुढे काय बोलायचं ते मलाही सुचलेलं नाही.

सखारामला काम मिळालं. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्याने खोली घेतली, बायकोला आणलं. रोज सकाळी तो अण्णांच्या खिडकीशी कार्ड सरकवायचा. "राम राम, गुर्जी." "राम राम." त्यापलीकडे दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. त्याने माफी मागितली नाही, अण्णांनी मागायला लावली नाही. आई कारखान्याच्या रस्त्याने जायचंच टाळायची.

दोनेक वर्षांनी तो एकदा सकाळीच धापा टाकत चाळीत आला. अण्णा कामावर गेले होते. मी दारात होते, आई चुलीपुढे. "ताई, कारभारीन अडलीया," म्हणाला. "शेजारी कोन न्हाई, समदी भाताच्या लावनीला गेल्यात. वैनींना इचारा की…" गावी निम्म्या बायकांची बाळंतपणं आईने केली होती, हे त्याला माहीत होतं. त्याच्या बहिणीचंही आईनेच केलं होतं.

आईने ऐकलं होतं. ती उठली, चुलीतली लाकडं ओढली, तेलाची बाटली आणि धुतलेलं जुनं लुगडं पिशवीत घातलं. हरीबाईला हाक मारली. सखारामकडे तिने पाहिलंही नाही. त्याच्यापुढून चालत स्टेशनच्या दिशेने निघाली. तिच्यामागे हरीबाई, आणि दहा पावलांवर तो.

दिवेलागणीला परतली. न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय झालं?"

"मुलगी. बारीक आहे, पण रडली चांगली."

"आणि तो?"

"त्याच्याशी मी बोलले नाही," आई म्हणाली. "बोलणारही नाही. उद्या पुन्हा जायचंय, बाळंतिणीला ताप आहे."

आठ दिवस ती जात राहिली. बाळंतीण वाचली. आई सखारामशी मरेपर्यंत बोलली नाही.

तुझ्या मुलीला विचारायचं असेल की आजी-आजोबांनी त्याला क्षमा केली का, तर सांग, मला माहीत नाही. एकाने सही केली आणि एकीने बाळंतपण केलं, एवढंच मला ठाऊक आहे. तो शब्द आपल्या घरात कोणी उच्चारला नाही.

तू लिहितेस, इतकी वर्षं इंदूरला राहून अजून गावाची आठवण येते, घर म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं, खरं तर तुला ते आठवतही नाही. मलाही पूर्वी ती आठवण येत असे. गावात काय चांगलं, काय वाईट, ते आपल्या जन्माआधीच ठरलेलं होतं. त्यात फार सुख होतं. सगळे मिळून जे करतात ते निमूट करायचं, मग ते ओंजळीत पाणी ओतणं असो की काडी लावणं. इथे या चाळीत दहा घरांच्या दहा रीती, कोणाचं कोणाशी जुळत नाही, आणि उंबऱ्याशी माणूस येऊन उभा राहिला की काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवावं लागतं. फार थकायला होतं, नलू. चुकल्यासारखं वाटतं, आणि चुकलं असं सांगणारंही कोणी नसतं. तरी कोणी घर कुठलं म्हणून विचारलं, तर मी आता अंबरनाथ सांगते. इथे आईने पिशवी भरली, तेव्हा तिला कोणी भर म्हटलं नव्हतं आणि भरू नकोस असंही म्हटलं नव्हतं.

तुझी,
अक्का