तातडीचं म्हणून अडवलेलं

आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनतात. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे गाळणी म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलंय. माणूस कामचुकार नाही, पण समोर आला की माझं डोकं फिरतं. दिवसभर काचेच्या खोलीत बसून तो आलेले मेल अडवतो आणि वर लढाई जिंकल्यासारखा चहा पितो.

तो असा झाला त्यालाही कारण आहे. मागे हिशेबाच्या बाईंनी मेलवर आलेलं एक खोटं बिल उघडलं आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले. मालकांनी गाळणीला सगळ्यांसमोर उभं करून झाडलं. हिशेबाच्या बाईंना कुणी चकार शब्द बोललं नाही. बिल पाठवणारे तर कुठल्या बिळात बसले होते देव जाणे. त्या दिवसापासून त्याने नियमच केला. मेलमध्ये 'तातडीचे' किंवा 'लगेच' दिसलं आणि सोबत फोटो जोडलेला असला, की मेल परस्पर कचऱ्यात.

"अरे, संशयाचे मेल वेगळे ठेव आणि रोज एकदा नजर टाक," मी त्याला कितीदा तरी सांगितलं.

"मी एकटा काय काय बघू, ताई? मेल कंपनीने ही घाण आपल्यापर्यंत येऊच कशी दिली? पाठवणाऱ्यांना धरून आत टाका म्हणावं. ते कुणी करत नाही, आणि शिव्या मला."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. मालकांकडे गेले तर ते म्हणाले, "ते त्याचं काम आहे, त्याच्याशी बोल."

अशात एका शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापलेला. शाळा उघडेपर्यंत उभं राहून शिकवता आलं नाही तर वर्ग दुसऱ्याला देऊ, असं मुख्याध्यापकांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. मी माप घेतलं आणि बजावलं, "उरलेला पाय हळूहळू बारीक होतो. फरक वाटला की नवं माप आणि फोटो पाठवा, मी काम थांबवीन." फोनवर मापं ऐकताना गफलत होते, म्हणून आमच्याकडे ती मेलवरच घेतात. मेल काही आला नाही. मी जीव ओतून पाय केला.

घालून बघायच्या दिवशी बाई दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पहिलंच पाऊल टाकलं आणि नव्या पायाच्या खोबणीत त्यांचा उरलेला पाय सैल फिरला. दांडी धरली म्हणून वाचल्या.

"माप बदललं तर कळवायचं नाही का?" मी चिडूनच बोलले.

"कळवलं होतं. पुन्हा पुन्हा कळवलं. फोन केला तर म्हणाले, मेलच करा."

मी त्यांना तसंच कुबड्यांवर गाळणीच्या खोलीत नेलं. "कचरा उघड," म्हटलं. बाईंचे सगळे मेल तिथे पडलेले. 'तातडीचे. माप बदलले आहे. कृपया लगेच बघा.' खाली पायाचे फोटो.

गाळणीचा आवाज चढला. "असं लिहिल्यावर माझा काय दोष? चोर अगदी असंच लिहितात."

"आणि ज्याला खरंच गरज असते, तो कसं लिहितो?" बाईंनी विचारलं.

तो एकेक मेल कचऱ्यातून बाहेर काढायला लागला. मला त्याची जराही दया आली नाही. आवाज ऐकून मालक दारात आले होते. "चूक कुणाची ते मागाहून बघू," ते म्हणाले. "बाईंना दुसरा पाय करून द्या."

"शाळा सोमवारी उघडते," बाई म्हणाल्या. "तोवर होईल?"

नवा पाय व्हायला पंधरवडा लागतो. ते सांगायचं कुणी, म्हणून मी गाळणीकडे बघितलं, गाळणीने मालकांकडे, आणि मालकांनी माझ्याकडे. बाईंनी एक कुबडी भिंतीला टेकवली, पर्समधून फोन काढला आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या.